विसाव्या लेखकाचं काय होतं?

शोधनिबंध लिहून झाला की काम संपलं, असं फक्त घरच्यांना वाटतं. खरी साडेसाती पुढेच असते, संदर्भसूचीत. आडनावापुढे स्वल्पविराम, आद्याक्षरापुढे टिंब. नियतकालिकाचं नाव तिरक्या ठशात, खंडाचा आकडाही तिरका, पण अंकाचा आकडा कंसात आणि सरळ. तो एकटाच सरळ का, हे मार्गदर्शकांना विचारू नये. त्यांनीही आपल्या काळी कुणाला तरी विचारलंच असणार.

लेखकाचं नाव आणि साल कंसात द्यायची पद्धत हार्वर्डची म्हणतात. तिथले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी 1881 साली ती एका निबंधात वापरली, आणि तो निबंध होता बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर. सूची करताना आपल्या कामाला जो वेग येतो, तो बहुधा तिथूनच आलेला असावा.

1929 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपले नियम सात पानांत मांडले होते. आज त्या एपीए शैलीचं पुस्तक चारशे पानांच्या वर गेलंय. सातव्या आवृत्तीत त्यांनी प्रकाशनस्थळ द्यायची गरज मात्र काढून टाकली. पुस्तकाच्या नावापुढे ‘पुणे’ लिहायचं नाही, हे पुण्यात पचायला अंमळ जडच.

सहलेखकांच्या बाबतीत वैद्यकातली व्हँकुव्हर शैली हाताने आखडती. सहा नावं दिली की उरलेले सगळे ‘आणि इतर’. एपीए सढळ आहे, वीस नावांपर्यंत कुणाला गाळत नाही. लेखक एकवीस असले तर पहिले एकोणीस द्यायचे, मग तीन टिंबं, मग शेवटचा. शेवटचा बहुधा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो, त्याला कोण गाळणार? म्हणजे टिंबांत जातो तो एकटा विसावा. लग्नपत्रिकेतल्या ‘समस्त परिवारा’त गडप झालेल्या काकांना निदान काकूंची सोबत असते.

आपल्या मराठी लेखकांनी तर या शिस्तीची कधी पर्वाच केली नाही. ‘विशाखा’चा आधार घेतला तर कुसुमाग्रज ‘क’मध्ये बसतात, ‘नटसम्राट’ घेतलं की शिरवाडकर होऊन ‘श’मध्ये जातात. गडकरी तीन जागा अडवतात: नाटकाला गडकरी, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम.

ज्ञानेश्वरीपाशी संगणकही गोंधळतो. शके 1212 मध्ये 78 मिळवून 1290 भरता येतं, पण नंतर तो डीओआय क्रमांक मागतो. शिवाय नावातला शेवटचा शब्द त्याला आडनावच वाटतो. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर महाराज’ लिहिलं की सूचीत ‘महाराज, ज्ञा.’ उमटतात आणि त्यांच्या खालोखाल ‘महाराज, तु.’. आळंदी आणि देहू एका आडनावाच्या घरात! पण संगणक ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये धरतो, त्यामुळे क्रम अगदी दिंडीतल्यासारखा लागतो: आधी ज्ञानोबा, मग तुकाराम.