राजा आणि पडदा

ग्राहक हा राजा असतो म्हणतात. युरोपातल्या या राजाला ब्राउझर निवडता यावा म्हणून 2010 साली मायक्रोसॉफ्टने नाइलाजाने विंडोजमध्ये निवडीचा पडदा लावला. घरच्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या पंगतीत मुक्तस्रोत फायरफॉक्स, शिवाय क्रोम, ऑपेरा वगैरे पाहुणे. पण मे 2011 ते जुलै 2012 या काळात विंडोज 7च्या सुमारे दीड कोटी गिऱ्हाइकांना तो पडदा दिसलाच नाही. कारण काय, तर तांत्रिक चूक! चूकसुद्धा काय इमानी; पाहुण्यांचीच पानं उचलली, घरच्याचं शाबूत. 2013 मध्ये युरोपीय आयोगाने 56 कोटी 10 लाख युरोंचा दंड ठोकला. तेव्हा राजेहो, पडदा उघडायची वाट बघू नका. फायरफॉक्स तेव्हाही फुकट होता, आजही आहे.