फक्त हाफ?

अहो, ऐकलंत का? बी विंगमधले बँकवाले काका रविवारी पहाटे साडेतीनला घराबाहेर पडतात! तेही अर्ध्या चड्डीत! वॉचमनला आधी भलताच संशय आला होता. खरं कारण कळलं ते त्याहून भयंकर: काकांचा म्हणे ‘लाँग रन’ असतो.

सुरुवात सोज्वळच होती हो. ऑफिसातल्या कुणीतरी मुंबई मॅरेथॉनच्या ‘ड्रीम रन’ला नेलं. जेमतेम सहा किलोमीटर, त्यातलं निम्मं चालत, उरलेलं सेल्फी काढत. काकू म्हणाल्या, चला, हौस फिटली. कसली फिटते! पुढे ‘टेन के’ झालं, मग हाफ. हाफ म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. हे वरचे मीटर फार सोवळ्यातले असतात बरं का. विसरलात, तर माणूस चार दिवस बोलत नाही.

आणि यांच्यात पंगती वेगळ्या! दहावाल्यांना म्हणतात, ‘छान, तब्येतीला बरं.’ हाफवाल्यांना विचारतात, ‘मग, फुल कधी?’ नव्या सुनेला पाळण्याचं विचारावं ना, अगदी त्याच सुरात.

काका साताऱ्याची हिल हाफसुद्धा करून आले. यवतेश्वरचा घाट धापा टाकत चढायचा आणि कास यायच्या आत मागे फिरायचं! लोक तिकडे फुलं बघायला जातात. हे घड्याळ बघत परत आले.

मग फुल. आदल्या रात्री ‘कार्ब लोडिंग’. म्हणजे काय, तर एरवी नाक मुरडतात तोच भात, तीन वाट्या! अंतर ४२.१९५. ही शेपटी कुठली, विचारा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं. राजेलोकांच्या बैठकीपायी अजून जगाच्या पोटऱ्यांत गोळे!

इथे तरी थांबावं? छे! आता भिंतीवर दक्षिण आफ्रिकेचा नकाशा लागलाय. तिथे ‘कॉम्रेड्स’ असते, नव्वदेक किलोमीटरची. एखाद्या वर्षी चढाची, एखाद्या वर्षी उताराची. बारा तास भरले की अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो. समोर दोन पावलांवर आलेल्यालाही दया नाही! आणि अमेरिकेतून निघालेली ‘बॅकयार्ड अल्ट्रा’ तर सांगायचीसुद्धा लाज वाटते. दर तासाला ६.७ किलोमीटरची एक फेरी. लवकर आलात तर उरलेल्या मिनिटांत खा, डुलकी काढा. तास भरला की पुन्हा उभे. किती वेळ? एकटाच उरेपर्यंत! शंभर उतरले तर नव्व्याण्णव नापास. त्यासाठी पैसे भरून नाव नोंदवतात हो!

काकूंना म्हटलं, तुमचं कसं चाललंय? म्हणाल्या, “परवा पोहे करायला घेतले आणि कोथिंबीर नव्हती. कोपऱ्यावरचा भाजीवाला कितीसा लांब? दोनशे मीटरसुद्धा नसेल. तर हे स्कूटरची किल्ली शोधायला लागले.”

बेचाळीस पळता येतात हो. वरचे एकशे पंच्याण्णवच काय ते जड जातात.