बाओ कुठे खावा: आईस पत्र

एल्महर्स्ट, क्वीन्स, न्यूयॉर्क

प्रिय आई आणि पप्पा,


परवा फोनवर तू विचारलंस, "घराखालीच चिनी बेकरी आहे म्हणतेस, मग एका बाओसाठी तासभर गाडीत बसून जाता कशाला? पैसा जास्त झालाय का?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, कारण हे शेजारीच बसले होते आणि बाओचा विषय निघाला की ह्यांचं प्रवचन फादरांपेक्षा लांबतं. म्हणून सविस्तर लिहिते. मे महिन्यात तुम्ही येणारच आहात, तर पप्पांची तयारी आधीच झालेली बरी.

आपण वसईची माणसं. डुकराच्या मटणाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको, अशा घमेंडीत मी इथे आले होते. ती घमेंड अजून आहे, फक्त तिच्यात चिन्यांना थोडी जागा करून दिली आहे. कँटनकडचे लोक डुकराच्या खांद्याचं मटण सोया सॉस, मध, पाच मसाल्यांची पूड आणि तांदळाच्या दारूत मुरवतात, आकड्यांना टांगून भट्टीत भाजतात आणि वरून गोड पाकाचा हात फिरवतात. तेच ते चार सिऊ. बेकरीच्या शेजारच्या दुकानात काचेमागे ते लालभडक लटकत असतं आणि धाकटा काचेला नाक लावून उभा राहतो. त्याचे बारीक तुकडे करायचे, ऑयस्टर सॉसच्या दाटसर रश्शात घोळवायचे आणि पिठाच्या गोळ्यात भरायचे, की झाला बाओ.

आता घरातलं भांडण सांगते. हा बाओ दोन जातीचा. एक वाफवलेला, पांढराशुभ्र, वरून तीन-चार पाकळ्यांत फाटलेला. दुसरा भट्टीत भाजलेला, वरून अंड्याचा हात दिलेला, चकाकणारा, तपकिरी. हे आणि थोरली भाजलेल्याच्या पक्षात, मी आणि धाकटा वाफेच्या. ह्यांचं म्हणणं, भाजलेला पिशवीत टिकतो, हाताला चिकटत नाही, ऑफिसात नेता येतो. असेल. पण टिकाऊपणा बघून खायचं तर सुके सोडे काय वाईट? वाफेच्या बाओचं पीठ नीट जमणं हे खरं कसब. मैदा मुद्दाम कमी चिवट घेतात, यीस्टवर फुगवतात, नंतर वर बेकिंग पावडर घालतात आणि सणसणीत वाफेवर ठेवतात. आतून इतका जोर येतो की बाओचं डोकं फाटतं. फाटला नाही किंवा नुसती चीर पडली, तर कारागिराची वाफ कमी पडली असं समजावं. तुझे नाताळचे फुगे आठव: बोटानं दाबला की परत वर यायला हवा आणि आतून जाळी दिसायला हवी. मी तीच परीक्षा इथे लावते आणि दुकानदारीण माझ्याकडे संशयानं बघते.

घराखालच्या बेकरीत बाओ काही वाईट नाही. पण तो सकाळी येतो आणि दिव्याखाली संध्याकाळपर्यंत बसून राहतो. चारच्या सुमारास त्याची कातडी सुरकुतते, तळाचा कागद ओला होतो आणि सारणातली चरबी गोठून पांढरी दिसते. रविवारी मिस्सा आटोपून भुकेनं व्याकूळ झालेली पोरं घेऊन मी तसला बाओ खाणार नाही. म्हणून आर गाडीनं कॅनाल स्ट्रीटला उतरायचं आणि चायनाटाउनात शिरायचं.

तिथे बेयार्ड स्ट्रीटवर मेई लाई वाह नावाची जुनी बेकरी आहे. ह्यांचं तीर्थक्षेत्र. भाजलेला बाओ आणि वर साखरेचा खुसखुशीत पापुद्रा असलेला दुसरा एक, या दोन्हींसाठी रांग रस्त्यापर्यंत येते. रांगेत बहुतेक तरुण पोरंपोरी, आणि खाण्याआधी प्रत्येक जण बाओचा फोटो काढतो. एका मुलीनं तर तो आधी फोडला, मग उजेडात धरला, मग मैत्रिणीला धरायला लावला. तोवर तो निवला असणार, पण तिला त्याचं दुःख दिसलं नाही. बाओ मात्र खरोखर चांगला आहे, आणि अजून ब्रॉडवेवरच्या बड्या कॉफीपेक्षा स्वस्त आहे. हे ह्यांच्यासमोर मी कबूल करत नाही.

माझा नियम वेगळा. रांग बघायची नाही, चाकांची पिशवी ओढत निघालेल्या चिनी आज्या बघायच्या. त्या फोटोवाल्यांच्या रांगेकडे ढुंकूनही न बघता पुढे निघतात, मॉट स्ट्रीटवर वळतात आणि एका चिंचोळ्या दुकानात घुसतात. गोल्डन स्टीमर त्याचं नाव. आत बसायला जागा नाही, नुसती वाफ. पापड-लोणच्याचा ठेका घेतल्यासारख्या त्या डझनाच्या हिशेबानं बाओ घेतात, तेव्हा समजावं की माल ताजा आहे. आम्हीही तिथूनच घेतो आणि पिशवी घेऊन कोलंबस पार्कात बाकावर बसतो. तिथे म्हातारे लोक चिनी बुद्धिबळ खेळतात आणि खेळणाऱ्यापेक्षा बघणारेच जास्त आरडाओरडा करतात. पप्पा तिथे चांगले रमतील. भाषा येत नसली तरी चाल चुकली हे ओरडण्यावरून कळतं.

याच बाकावर धाकट्याची फजिती झाली. बाओच्या तळाला चौकोनी कागद असतो. यानं तो कागदासकट चावायला सुरुवात केली आणि मन लावून चघळत बसला. शेजारी एक चिनी आजी होत्या. त्यांनी काही न बोलता त्याच्या हातातून बाओ घेतला, उलटा केला, नखानं कागदाचा कोपरा उचलून एका झटक्यात सोलला आणि परत हातात दिला. मग माझ्याकडे वळून कँटनीत दोन-तीन वाक्यं ऐकवली. अर्थ मला लागला. वसईतही कुणी अनोळखी आजी मला हेच म्हणाली असती.

तिथून पाच मिनिटांवर डॉयर्स स्ट्रीट आहे, मधेच कोपरात दुमडलेली छोटी गल्ली. शंभर वर्षांपूर्वी तिथे चिनी टोळ्यांच्या मारामाऱ्या व्हायच्या, हे धाकट्याला शाळेतल्या मित्रानं सांगितलंय, त्यामुळे त्याला बाओपेक्षा रक्ताच्या डागांत रस. याच गल्लीत नॉम वाह हे 1920 पासूनचं चहाघर आहे. 1882 मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना येण्याची बंदी केली आणि ती 1943 पर्यंत चालली. बायकापोरं गावी, इथे पुष्कळसे एकटे पुरुष, मग चहाघर आणि खानावळ हाच त्यांचा आधार. 1965 च्या कायद्यानं दार उघडलं, आणि त्याच दारातून पुढे आपले लोकही आले. म्हणून हे म्हणतात, आपण आणि बाओ एकाच कायद्याचे लाभार्थी. मी म्हटलं, बाओ आपल्या आधीच येऊन बसला होता, 1920 ची पाटी वाचा. त्यावर दिवसभर बोलले नाहीत. दिवस छान गेला.

बसून निवांत खायचं असेल तर मोठ्या हॉलात जावं, जिथे बायका गाड्या ढकलत फिरतात, बांबूच्या टोपल्यांची झाकणं उघडून दाखवतात आणि टेबलावरच्या कार्डावर शिक्के मारतात. एलिझाबेथ स्ट्रीटवरचा जिंग फाँगचा हॉल सर्वांत मोठा, सुमारे 800 माणसं बसत. 2021 मध्ये तो बंद झाला, आता सेंटर स्ट्रीटवर लहान जागेत चालतो. अशा ठिकाणी दोन गोष्टी लक्षात ठेवा. किटली रिकामी झाली की झाकण कलतं ठेवायचं, हाका मारायच्या नाहीत. आणि कुणी चहा ओतून दिला की दोन बोटांनी टेबलावर हलकी टकटक करायची, हे त्यांचे आभार. पप्पा, तुम्ही कॅरमच्या सवयीनं सगळ्या हातानं वाजवू नका.

ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी एकदा आम्हाला एका झकपक ठिकाणी नेलं. 2004 मध्ये डेव्हिड चँगनं ईस्ट व्हिलेजमध्ये मोमोफुकू काढलं आणि दुमडलेल्या पांढऱ्या बाओत डुकराच्या पोटाचा चरबीदार काप, काकडी आणि होइसिन सॉस घालून शहराला वेड लावलं. त्याच्या नकला नंतर गल्लोगल्ली निघाल्या, त्यातलीच ही एक. अंधार इतका की आपण काय खातोय ते जिभेनंच ओळखायचं. दोन एवढेसे बाओ, वर कोथिंबिरीचं एक पान, आणि बिल असं की ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

फ्लशिंगचं राहिलंच. ते आमच्या क्वीन्समध्येच, सात नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन. तिथला बाओ उत्तरेकडच्या पद्धतीचा, मोठा, वर मोदकासारख्या चुण्या घातलेला. आत भाजलेलं मटण नाही, कच्चा खिमा, आलं, पातीचा कांदा, कधी कोबी, आणि सगळं बाओतच शिजतं. गोड नाही. आई, तुला तोच आवडेल. चावताना पुढे वाकायचं, नाहीतर रस सरळ साडीवर येतो. शांघायचा बाओ तर तळाला कुरकुरीत भाजतात, वर तीळ पेरतात आणि आत भाजणारा रस्सा असतो. तो पप्पांना देऊ नये, ते फुंकर घालत नाहीत.

उरलेले बाओ मायक्रोवेव्हमध्ये घातले तर चामडं होतं. तू दिलेलं इडलीपात्र इथे इडलीला महिन्यातून एकदा लागतं, बाओला दर आठवड्याला. सहा-सात मिनिटं वाफ दिली की पुन्हा सकाळसारखे.

निकाल असा: वाफेचा खायचा तर मॉट स्ट्रीट, खिम्याचा फ्लशिंग, भाजलेला फक्त ह्यांना एकटं पाठवायचं असेल तेव्हा.

येताना बाटली मसाला दोन किलो आण, कोरडा आणि सीलबंद, फॉर्मवर लिहून टाक. इंद्याल किंवा गोव्याचे सॉसेज मात्र बॅगेत घालू नकोस, कितीही घट्ट बांधलं तरी. विमानतळावर डुकराचं मटण काढून घेतात, आणि न सांगता आणलं तर वर दंड करतात.

तुमची,
मोठी