नाना आणि दक्षिणेची भिंत

कुणाच्या घरी माणूस गेलं की तेराव्यापर्यंत नाना तोंडातून ब्र काढत नाहीत. चौदाव्या दिवशी मात्र मोबाइलमधलं होकायंत्र उघडून दारात हजर. "फोटो कुठं लावताय?"

दक्षिण ही यमाची दिशा, पितरांची दिशा. तेव्हा फोटो दक्षिणेच्या भिंतीवरच. देवघरात नको, देव कोपतात. बेडरूममध्ये नको, झोप उडते. हॉलच्या मधोमध नको, आल्यागेल्याची नजर. आणि जिवंत माणसाच्या फोटोशेजारी तर मुळीच नको, त्याचं आयुष्य घटतं! वन बीएचकेत एवढं वगळलं की उरते बाथरूमची भिंत, हे नानांना कोण सांगणार?

मी एकदा सांगून पाहिलं. "नाना, फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली, पॅरिसला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. मग पुराणात फोटोचे नियम आले कुठून?"

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "भिंती होत्या ना तेव्हा?"

पंचाईत झाली ती दुसऱ्या एका वास्तुवाल्यामुळे. तो म्हणाला, पितरांचं तोंड दक्षिणेकडे हवं, म्हणजे फोटो उत्तरेच्या भिंतीवर. नाना दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला: सासऱ्यांचा फोटो उत्तरायणात एका भिंतीवर, दक्षिणायनात दुसऱ्या. जन्मभर धोतर-बंडीत वावरलेले सासरे, स्टुडिओवाल्यानं चढवलेला कोट-टाय आणि गळ्यातला चंदनी हार सांभाळत वर्षातून दोनदा हॉल ओलांडतात. भिंतीला चार भोकं पडली आहेत. काकू म्हणतात, "हयातीत बाबांना एवढं फिरवलं असतंत, तर त्यांची काशीयात्रा झाली असती."

गेल्या पितृपक्षात माळ्यावरून नानांच्या मुंजीचा ग्रुप फोटो निघाला. त्यातले निम्मे गेलेले, निम्मे अजून पेन्शन घेणारे. कात्री चालवावी तर आजोबांचा हात नेमका आत्याबाईंच्या खांद्यावर. शेवटी बहुमत पितरांचं, असा हिशेब करून नानांनी तो दक्षिणेला टांगला. आत्याबाई काठी टेकत आल्या आणि भिंतीकडे बघून कडाडल्या, "मेल्या, मी जिवंत आहे अजून!"

नानांनी मुकाट्यानं खिळा उपटला. बराच वेळ होकायंत्र फिरवून फोटो आग्नेयेला, गॅसच्या वर लावला.

"अग्नी द्यायची एवढी घाई झालीय का रे तुला?" आत्याबाई म्हणाल्या.