ईव्हीएम काका

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निवडणूक आयोगातून निवृत्त झाले असावेत, असा नव्या भाडेकरूंचा समज होतो. कारण लहानथोर सगळे त्यांना ईव्हीएम काका म्हणतात. मतदानयंत्राशी काकांचा संबंध बोटाला शाई लावून घेण्यापुरताच. त्यांचं ईव्हीएम म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट.

हा नमुना हल्ली पुण्याच्या सोसायट्यांमधून बराच आढळतो. उभा जन्म मोठ्या कंपनीच्या प्रोजेक्ट कंट्रोल खात्यात गेलेला. निवृत्तीनंतर कंट्रोल उरतो, प्रोजेक्ट राहत नाही. मग वॉचमन, लिफ्ट, गणपतीची वर्गणी, जे समोर येईल त्याला आलेख लावायचा. काकांनी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरलाही लावला होता. घरात मात्र अजून लावता आलेला नाही, कारण काकू.

काकांची विद्या खोटी आहे असं मात्र कुणी समजू नये. कारखाने उभारणाऱ्या कंपनीत त्यांनी ती वापरली आणि तिथे ती खणखणीत वाजली. लोखंडी सांगाडा किती टन उभा राहिला, काँक्रीट किती घनमीटर पडलं, पाइपचे जोड किती इंच-डाया झाले, हे डोळ्यांना दिसतं आणि मोजताही येतं. समजा १ कोटीचं काम आहे. आजच्या तारखेला ४० लाखांचं व्हायला हवं होतं आणि खर्चही ४० लाख झालाय. अकाउंट्सवाले खूश. काका तिसरा आकडा विचारतात: प्रत्यक्षात काम किती लाखांचं झालं? उत्तर येतं, ३० लाखांचं. म्हणजे रुपया खर्चून बारा आण्यांचं काम पदरात पडतंय, आणि हीच चाल राहिली तर १ कोटीचं काम १ कोटी ३३ लाखांवर जाणार. काम पाचवा हिस्सा उरकल्यावर हे गुणोत्तर फारसं सुधारत नाही, असं अमेरिकेतल्या संरक्षण कंत्राटांच्या अभ्यासातून निघालंय. काका ते ज्याला-त्याला ऐकवतात. त्यांच्या कंपनीतल्या एका साहेबाने ऐकलं नव्हतं. त्या साहेबाचं पुढे काय झालं, हे काका चहाचा दुसरा कप आल्याशिवाय सांगत नाहीत.

या विद्येचं पुराणही त्यांना तोंडपाठ आहे. १९६७ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कंत्राटदारांसाठी ३५ निकष काढले, पुढे त्यांचे ३२ झाले, इथपासून सुरुवात. मग नौदलाच्या ए-१२ विमानाची कथा. खर्चाचे आकडे आधीपासून बोंब मारत होते, वरच्यांनी कानात बोळे घातले, आणि १९९१ च्या जानेवारीत संरक्षणमंत्री चेनी यांनी अख्खा प्रकल्पच मोडीत काढला. त्याचा कोर्टकज्जा २०१४ पर्यंत चालला, हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते नातवाच्या बारशालाही पसरलं नव्हतं.

सेक्रेटरी झाल्यावर पहिला बळी गेला रंगाऱ्याचा. बिल्डिंग रंगवायचं कंत्राट एकरकमी ठरलेलं. तिसऱ्या महिन्यात काकांनी त्याला ऑफिसात बसवून सांगितलं, की तुमचा कॉस्ट परफॉर्मन्स इंडेक्स घसरलाय. रंगारी पान चघळत म्हणाला, ‘‘काका, रक्कम ठरलेली आहे ना? मग जास्तीचा खर्च माझ्या बोडक्यावर. तुम्ही कशाला झोप घालवता?’’ काका निरुत्तर झाले, कारण रंगाऱ्याचं बरोबर होतं. एकरकमी कंत्राटात घेणाऱ्याला खर्चाचा निर्देशांक काढण्यात फारसा अर्थ नसतो. खुद्द अमेरिकेचं संरक्षण खातंही तिथे हा आग्रह धरू नये असंच सांगतं. काकांना हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि आलेख काढायचा हात आवरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी गंमत झाली ती हाउसकीपिंगच्या कंत्राटात. चार माणसं, महिन्याला ठरावीक रक्कम, वर्षाचा करार. असल्या कामाला काकांच्या शास्त्रात ‘लेव्हल ऑफ एफर्ट’ म्हणतात. त्याची खुबी अशी, की वेळ गेला की किंमत कमावली असं धरायचं. महिना संपला, महिन्याभराचं मूल्य जमा. ठरवलेलं आणि झालेलं कायम सारखं, त्यामुळे वेळेचा निर्देशांक जन्मात एकच्या खाली येत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत काकांनी प्रोजेक्टरवर तो आलेख दाखवला. दोन रेषा एकमेकींवर अशा चिकटलेल्या, की एकच दिसावी. खाली हिरव्या चौकटीत १.००.

बी विंगमधल्या दोनशेतीनच्या आजी उठल्या. ‘‘सगळं हिरवं म्हणजे चांगलं ना रे?’’

‘‘उत्तम, आजी.’’

‘‘मग माझ्या जिन्यातली पानाची पिचकारी होळीपासून तशीच कशी?’’

‘‘आजी, हे लेव्हल ऑफ एफर्ट आहे. माणसं आली, महिना भरला, म्हणजे व्हॅल्यू मिळाली.’’

‘‘झाडू मारला नाही तरी?’’

काकांनी चष्मा काढून पुसला. ‘‘तत्त्वतः, हो.’’

त्या ‘तत्त्वतः’नंतर सभेत जो हशा झाला तो काकांच्या जिव्हारी लागला. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सातही मजले, दोन जिने, गच्ची आणि पार्किंग अशी कामाची तुकडेवारी केली आणि प्रत्येक तुकड्याला वेटेज लावलं. नियम पन्नास-पन्नास: काम सुरू केलं की निम्मे गुण, पुरं केलं की उरलेले. कारखान्याच्या छोट्या कामांना हाच नियम ते लावत असत. सुपरवायझरच्या हाती छापील तक्ता दिला आणि टिकमार्क करायला हिरवं पेनही दिलं.

हाउसकीपिंगच्या मावशींनी तो तक्ता एकदा बघितला. मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत, पण कमिटीतल्या दोन इंजिनिअरांना जे कळायला महिना लागला ते त्यांना सकाळच्या चहापर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला सातही मजल्यांवर एकेक बादली, आणि प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी एकेक फरशी ओली. गच्चीच्या दारात उभा केलेला खराटा. पार्किंगमध्ये एका खांबाभोवती शिंपडलेलं फिनेल. आठ वाजता तक्त्यावर पन्नास टक्के मूल्य जमा झालं होतं आणि मावशी वॉचमनच्या बाकावर बसून शांतपणे खारी बुडवून खात होत्या. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी तो नियम पुन्हा वाचावा. नियमाने जे मागितलं ते त्यांनी तंतोतंत दिलं होतं.

काकांनी नियम बदलला: शून्य-शंभर. अर्ध्या कामाला काहीच नाही, पुरं झालं तरच गुण. आता मजले लखलखायला लागले, पण पार्किंगला कुणी हात लावेना. का, तर पार्किंग पुरं होतच नाही. निम्मं झाडलं की कुणाची तरी गाडी आत येते. सुपरवायझरने साधा हिशेब केला, जे कधी शंभर होणार नाही ते सुरू कशाला करायचं? पावसाळ्यात तिथे शेवाळ धरलं. शेवाळाचं वेटेज तक्त्यात नव्हतं.

याच सुमारास लिफ्टच्या एएमसीलाही काकांनी निर्देशांक दिला. महिन्याला एक भेट ठरलेली, झालेल्या भेटी मोजायच्या. त्या महिन्यात लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये बंद पडली, आणि आत नेमके काका, हातात मंडईतून आणलेली मेथी. वरून मेकॅनिक खटपट करत होता.

‘‘किती झालं?’’ काका आतून ओरडले.

‘‘नव्वद टक्के झालं, साहेब.’’

या एका वाक्याविरुद्ध काकांनी तीस वर्षं लढा दिलेला. ‘‘कशाचे नव्वद? मोजलं कशावरून?’’

वर शांतता. बऱ्याच वेळाने काकांनी पुन्हा विचारलं.

‘‘नव्वद टक्के झालं, साहेब.’’

मेथी कोमेजली, काका सुटले. महिनाअखेरचा अहवाल त्यांनीच टाइप केला, त्यात खाडाखोड केली नाही, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची कमाल. ठरलेली भेट १, झालेल्या भेटी २. निर्देशांक २.००, गडद हिरवा. लिफ्ट जितकी बिघडेल तितकी कंत्राटाची तब्येत सुधारत होती. कमिटीच्या बैठकीत तो कागद काकांनी स्वतःच सगळ्यांपुढे सरकवला आणि पहिल्यांदाच, आलेख न काढता, म्हणाले, ‘‘आपण चुकीची वस्तू मोजतोय.’’

यंदाच्या करारात हजेरी, भेटी आणि तुकडेवारी, तिन्ही गोष्टी गेल्या. लिफ्टवाल्याचं बिल महिन्यात लिफ्ट किती तास बंद राहिली त्यावर. हाउसकीपिंगच्या बिलातले वीस टक्के राखून ठेवायचे, आणि दर विंगमधल्या एका रहिवाशाने जिना आणि पार्किंग बघून सही केली की द्यायचे. बी विंगची सही दोनशेतीनच्या आजींची. पहिल्या महिन्यात त्यांनी दिली नाही, दुसऱ्या महिन्यात पिचकारी गेली आणि सही आली. मावशी आता फिनेलची बाटली घेऊन आधी त्यांच्याच मजल्यावर जातात.

काका पुन्हा बिनविरोध सेक्रेटरी झाले आहेत, कारण दुसरं कुणी अर्जच भरत नाही. आजींच्या सहीला किती वेटेज द्यावं, यावर सध्या त्यांचं काम चालू आहे. परवा विचारलं तेव्हा म्हणाले, नव्वद टक्के झालंय.