आकडा खोक्यावर लिहा

वाशीम जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. काटेपूर्णा इथून उत्तरेला अकोल्याकडे निघते, पूर्णेला मिळते आणि तापीतून अरबी समुद्र गाठते. पैनगंगेच्या खोऱ्यातलं पाणी मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात उतरतं. अशा जिल्ह्यात पाणलोटाचा नकाशा काढताना हलगर्जीपणा चालत नाही.

क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत प्रणालीत त्यासाठी मॉडेल डिझायनर हा एडिटर आहे. उंचीची फाईल, खड्डे बुजवणं, उताराची दिशा, जमा होणारं पाणी, ओढे. प्रत्येक पायरीचं एक खोकं, आणि खोक्यातून खोक्याकडे बाण. पुढच्या खोक्यातून बाण मागे वळवून फेरा करू म्हटलं, तर प्रणाली तो होऊ देत नाही. बरोबरच आहे, नाल्याचं पाणीही चढाला जात नाही.

माझं भांडण शेवटच्या खोक्याशी आहे. ओढा कुठून सुरू झाला असं मानायचं, ते ठरवणारा एक आकडा त्यात असतो. उंचीची फाईल ३० मीटर बाजूच्या चौकटींची असेल तर तिची एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे एका मोठ्या शेततळ्याएवढी. ५०० चौकटी लिहिल्या, की ४५ हेक्टरांचं पाणी गोळा झाल्यावर ओढ्याची निळी रेघ उमटते. ५००० लिहिल्या, तर ४५० हेक्टर भरेपर्यंत नकाशा कोरडा. पांदणीकडेचा नाला, ज्याच्या पाझरावर चार विहिरी तग धरतात, एका शून्यात पुसला जातो. आणि ग्रामसभेत भिंतीवर लागतो तो फक्त रंगीत नकाशा.

एडिटर बांधणाऱ्या पोरापोरींनो, खोकं अलगद सरकावं, बाण सुबक वाकावा म्हणून तुम्ही रात्री जागवता. त्यातली एक रात्र या आकड्याला द्या. तो दोनदा क्लिक केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत कोंडू नका, खोक्याच्या तोंडावर मराठीत छापा: ‘ओढा सुरू: ४५ हेक्टरांनंतर’. छापताना ‘हेक्टर’मधलं ‘क्ट’ हे जोडाक्षर फुटता कामा नये, तेही बघा.

आणि नकाशे करणाऱ्यांनो, खोक्यांची ही आकृती पीडीएफ होऊन निघते. नकाशाशेजारी तीही चिकटवा. म्हणजे रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या सभेत मागच्या रांगेतून कुणी तरी उठून विचारील, “पंचेचाळीसच का? आमचा नाला तर वीस हेक्टरांतच वाहायला लागतो.”