पिवळं जातं कुठे?

जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत यंदा ‘नॅचरल गट’ ठेवला होता. डोप चाचणी आयोजकांना परवडत नाही, म्हणून प्रत्येक स्पर्धकाकडून एक फॉर्म भरून घेतला: मी कोणतेही इंजेक्शन वा उत्तेजक घेत नाही, सही, तारीख. विषय मिटला. गटाचा विजेता माईकवर आला. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, ते देवालाच ठाऊक. निवेदकाने विचारलं, “दादा, एवढी बॉडी! सीक्रेट काय?” दादा म्हणाला, “काय नाय, रोज तीस अंडी. पिवळं काढून.”

टाळ्या पडल्या. माझं लक्ष मात्र त्या पिवळ्यात अडकलं.

हिशेब करा ना. एका पठ्ठ्याचे रोज ३०, म्हणजे महिन्याला ९०० बलक. एका जिममध्ये असे दहा पठ्ठे धरले तर ९,०००. तालुक्याचा आकडा मी काढत नाही, कॅल्क्युलेटरला लाज वाटते. हे सगळं पिवळं जातं कुठे? भुर्जीच्या गाडीवर चौकशी केली. गाडीवाला म्हणाला, “आपण अख्खं अंडं विकत घेतो साहेब. फुकट पिवळं कोण देत असेल तर नंबर द्या.” बेकरीवाला नुसता हसला. गावातल्या एकाही गटाराला पिवळी झाक आलेली नाही, कोंबड्यांनी कुठे निषेध नोंदवल्याचंही ऐकिवात नाही. शेवटी पठ्ठ्याच्या आईलाच गाठलं. माउली म्हणाली, “अंडी होय? रविवारी सहा आणते. त्यातली दोन त्याची.” इतकी स्वस्त डोप चाचणी जगात दुसरी नसेल. हिला लघवीच्या सीलबंद बाटल्याही लागत नाहीत.

बरं, खाल्ली तीस, असं धरू. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाकाठी शंभरेक ग्रॅम. चांगलं आहे, पण तेवढ्याने मान गायब होत नाही. ती गायब करायला टेस्टोस्टेरॉन लागतं. आपलं शरीर ते कोलेस्टेरॉलपासून घडवतं आणि अंड्यातलं कोलेस्टेरॉल असतं झाडून सगळं पिवळ्यात! म्हणजे गडी कच्चा माल उकिरड्यावर टाकतो आणि तयार माल मेडिकलच्या मागच्या दाराने आणतो.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ४३ निरोगी पुरुषांवर केलेला एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. काहींना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं आणि बजावलं, व्यायाम करायचा नाही. काहींना औषध नसलेली सुई टोचली आणि रीतसर वजनं उचलायला लावली. प्रथिनं सगळ्यांना सारख्याच मापाने. बसून राहिलेल्यांचं चरबी सोडून उरणारं वजन तीन किलोंनी वाढलं, घाम गाळणाऱ्यांचं दोन. सोफ्यावरचा माणूस जिंकला! तेव्हापासून अंड्याचं गुणगान थांबायला हवं होतं. ते वाढलं.

जिथे खरी चाचणी होते तिथे तरी काय? लघवीतल्या टेस्टोस्टेरॉनचं त्याच्या एका भावंड-द्रव्याशी असलेलं प्रमाण बघतात. बहुतेकांचं एकास एकच्या आसपास असतं. संशय घ्यायची रेघ आधी सहास एक होती, २००५ पासून चारास एक. हुशार माणूस साडेतीनला थांबतो आणि अंड्यावर बोलतो.

कुणी काय टोचून घ्यावं हा ज्याचा त्याचा दंड. मला चीड येते ती त्या माईकवरच्या वाक्याची. कारण मंडपात शेवटच्या रांगेत एक एकोणीस वर्षांचं पोर बसलेलं असतं. बाप वॉचमन, आई चार घरची धुणीभांडी करते. ते पोर घरी जाऊन खरंच अंडी खातं. बापाच्या पगारातली, पिवळं काढून, दोन वर्षं. पहाटे उठतं, इमानाने वजनं मारतं, आणि दोन वर्षांनी आरशात जे दिसतं ते चांगलं, निकोप, माणसासारखं शरीर असतं. पण फ्लेक्सवरच्या दादासारखं नसतं. पोराला वाटतं, आपलीच मेहनत कमी पडली. नेमक्या त्या दिवशी ट्रेनर खांद्यावर हात टाकतो, “भाऊ, एक सायकल मारू. सगळेच मारतात.” मग इंजेक्शनांची सायकल सुरू होते: डेका नावाचं स्टेरॉइड येतं, घोड्यांसाठी बनवलेलं बोल्डेनोन येतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ जे मेफेंटरमाइन वापरतात, ते इथे ‘प्री-वर्कआउट’ म्हणून शिरेत जातं. घोड्याला टोचायचं तर पशुवैद्य लागतो, पोराला ट्रेनर पुरतो. चोविशीत छातीत गाठी, हृदयाच्या भिंती जाड, आणि शरीराने स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं केव्हाच बंद केलेलं. “अंडी खातो” म्हणणारा दादा जर माईकवर “दर महिन्याला इतक्या हजारांची इंजेक्शनं घेतो” म्हणाला असता, तर बापाने पोराला मंडपातून बखोटीला धरून उठवलं असतं. पण तसं म्हणालं की प्रोटीनचे डबे कोण विकत घेणार? डब्यावर दादाचाच फोटो आहे. आणि उद्या कुठे पकडलाच गेला, तर दादा छातीवर हात ठेवून सांगणार की डब्यातच भेसळ होती.

तर, त्या फॉर्मबद्दल. त्यात ‘सध्या चालू असलेली औषधे’ असा एक रकाना होता. सगळ्यांनी ‘निरंक’ लिहिलं. एका किरकोळ अंगाच्या मुलाने लिहिलं, ‘सर्दीची गोळी, दोन दिवस.’ समितीची तातडीची बैठक बसली. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या दिवशी ते ठरावीक मर्यादेपलीकडे चालत नाही, हा नियम समितीने मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून काढला. नियम म्हणजे नियम. मुलगा बाद. संपूर्ण नॅचरल गटात औषधांमुळे बाद झालेला तो एकटाच. प्रवेश फी परत मिळणार नाही, हे फॉर्मच्या मागे छापलेलंच होतं.